कारच्या एसीचा गॅस 'संपत' नाही, तो गळतो; आधी गळती शोधा, मगच गॅस भरा

गोंदिया : मे महिन्यात जिल्ह्याचा पारा ४० च्या वर जातो. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडून पेशंट घेऊन गोंदिया-नागपूरला जाणाऱ्या गाडीत एसी ही आता चैन राहिलेली नाही. पण "मागच्या साली गॅस भरला, यंदा पुन्हा गरम हवा" ही तक्रार कायम असते.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद पाइपात फिरत राहतो. रबरी पाइपातून बरीच वर्षे थोडाथोडा कमी होतो, हे खरे. पण एकाच हंगामात गेला तर गळती आहे, असे समजावे.

घरी काय पाहता येईल?
गॅससोबत कॉम्प्रेसरचे तेलही फिरते. त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. इंजिन बंद करून जोड, पाइप, कॉम्प्रेसर आणि समोरची कंडेन्सरची जाळी पाहा. जाळीला रस्त्यावरचे खडे लागतात. जोडावर साबणाचा फेस लावला आणि बुडबुडे आले, तर जागा सापडली. बारीक गळती मात्र फेसात दिसत नाही. गाडीखाली टपकणारे स्वच्छ पाणी ही गळती नव्हे, ते हवेतले बाष्प असते.

गॅरेजमध्ये काय करायला सांगावे?
एक, इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर. गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून त्याचे टोक जोडाच्या खालून हळूहळू फिरवावे लागते. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलसाठी ते पाणी निघण्याच्या नळीपाशी धरतात.
दोन, रंग टाकणे. सिस्टीममध्ये खास रंग सोडून काही दिवस एसी चालवतात, मग यूव्ही बॅटरी मारली की गळतीची जागा चमकते.
तीन, गॅस काढून नायट्रोजनचा दाब देणे. काटा उतरला तर गळती आहे. ऑक्सिजन कधीच भरू देऊ नका, तेलाशी गाठ पडली तर स्फोट होऊ शकतो.

गळती दुरुस्त झाल्यावर व्हॅक्यूम करून काटा टिकतो का पाहावे. मगच गॅस वजन करून भरावा. किती ग्रॅम, हे बहुतेक गाड्यांत बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले असते. अंदाजाने जास्त भरला तर थंडावा कमी होतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो.

हे टाळाच
स्वस्तात सिलिंडरचा गॅस भरून देतो म्हटले तर साफ नाही म्हणा. तो पेट घेतो, आणि गळून केबिनमध्ये साठला तर एक ठिणगी पुरते. पाइप स्वतः खोलू नका. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत असणारा आर-१३४ए गॅस उणे २६ अंशांवर उकळतो. अंगावर उडाला तर कातडी गोठते, डोळा जाऊ शकतो.

हाच गॅस हवेत सोडला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटीहून जास्त उष्णता धरतो. म्हणजे दरवर्षी नुसता गॅस भरण्यात खिसाही रिकामा होतो आणि पुढचा उन्हाळाही तापतो.