भीमेच्या पाण्यातून पळसनाथाकडे

वरवंडचा मुक्काम आटोपून तुकोबांची पालखी उंडवडी, बारामती, इंदापूर करत पंढरपूरला जाते. भीमाही तिकडेच जाते, फक्त दौंडच्या अंगाने. पालखीची वाट आपल्याला मुक्कामांसकट पाठ असते. नदीची वाट मात्र आपण विसरून गेलो, आणि या मुलखातली जुनी देवळं, गढ्या, घाट तर तिच्याच काठाने आहेत.

दौंडहून प्रवाहाबरोबर निघालं की डाव्या काठावर पेडगावचा बहादूरगड लागतो. आत यादवकालीन लक्ष्मीनारायण मंदिर आहे, आणि नदीचं पाणी गडावर उचलून घेण्यासाठी बांधलेली हत्ती मोट. 1689 मध्ये कैद झालेल्या संभाजीमहाराजांना औरंगजेबाच्या छावणीत आणलं ते इथेच. पुढे सिद्धटेक. अहिल्याबाई होळकरांनी बांधलेल्या या देवळाला जायला दौंडकडचे भाविक पूल होण्याआधी शिरापूरला होडीत बसत. त्याखाली भिगवणपासून उजनीचा पाणफुगवटा पसरतो आणि इंदापूर तालुक्यात पळसदेवचा पळसनाथ येतो.

हा प्रवास सलग होडीने करता येत नाही. नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्यानंतर त्यांना ढापे बसवले की पाणी अडतं आणि होडीची वाटही अडते. ढापे काढलेले असतात तेव्हा नदीला पूर असतो. नाईलवर लक्झर ते अस्वान मोठ्या बोटी चालतात, कारण वाटेतल्या एस्नाच्या बांधावर बोट एका बंदिस्त कप्प्यात घेऊन पाण्याची पातळी वरखाली करायची सोय आहे. आपले बंधारे शेतीसाठी बांधलेले आहेत आणि ते शेतीचेच राहावेत. नदी तुकड्यातुकड्याने पाहावी. त्यातला सर्वात मोलाचा तुकडा उजनीचा.

उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. पळसदेव गाव वर नव्या जागी वसलं, देवही नव्या देवळात गेला. जुनं मंदिर जिथे होतं तिथेच पाण्यात राहिलं. धरणाची क्षमता सुमारे 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसीच्या आसपास मृतसाठा. उन्हाळ्यात पाणी या पातळीच्या खाली उतरलं की बातम्यांत ‘उजनी मायनसमध्ये’ असं येतं, आणि मग मंदिर उघडं पडू लागतं. 2024 च्या उन्हाळ्यात साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला तेव्हा लोक गाळातून चालत थेट मंडपात जात होते. भोवतालच्या उघड्या पडणाऱ्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात.

पाणी चढलेलं असताना मात्र शिखराचाच भाग वर असतो आणि तिथवर होडीच नेते. खालून मान वर करून पाहायचं शिखर तेव्हा डोळ्यांच्या पातळीवर येतं. भूमिज शैलीत मोठ्या शिखरावर छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक, वर लहान होत जातात. सिन्नरच्या गोंदेश्वराला ही रचना दगडात आहे, इथे ती भाजलेल्या विटांत आहे. ती इतक्या जवळून पाहायला मिळणं हे या होडीचं खरं देणं.

विटांचीच मला काळजी वाटते. कायम पाण्याखाली असलेली वास्तू बऱ्यापैकी टिकते; दरवर्षी भिजणं आणि वाळणं तिला पोखरतं. सांध्यांतला चुना धुऊन जातो, भेगांत झाडांची मुळं शिरतात. इजिप्तमधल्या फिले मंदिराची अशीच गत झाली होती. 1902 च्या अस्वान बंधाऱ्यानंतर ते वर्षातले अनेक महिने पाण्यात असे आणि प्रवासी खांबांमधून होड्या फिरवत. पुढे युनेस्कोच्या पुढाकाराने ते दगड-दगड सुटा करून शेजारच्या अगिल्किया बेटावर उभारलं आणि 1980 मध्येच खुलं झालं. पळसनाथाच्या विटा तशा सुट्या करून हलवता येणार नाहीत. पण मंदिर उघडं पडेल त्या उन्हाळ्यात त्याची मोजमापं घेणं, सांधे भरणं, झाडं काढणं जमण्यासारखं आहे, आणि ते व्हायलाच हवं.

जाणाऱ्यांनी मच्छीमारांची होडी सकाळीच ठरवावी. हिवाळ्यात कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला रोहित पक्षीही भेटतात. लाइफ जॅकेट नसेल तर होडीत बसू नये. 21 मे 2024 रोजी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि 6 जणांचा जीव गेला. तो त्या गावांचा रोजचा जाण्यायेण्याचा मार्ग होता. पावसाळ्याच्या तोंडावर आणखी एक ध्यानात ठेवावं. आपल्याकडे आभाळ कोरडं असलं तरी उजनी भरते ती सह्याद्रीतल्या पावसाने आणि पुण्याच्या वरच्या धरणांतून सुटलेल्या पाण्याने. तेव्हा निघण्याआधी दौंडला नदीचा विसर्ग किती आहे तेवढं विचारून घ्यावं.