पट आणि शिक्षक

शाळेत मुले किती हे कळले, की शिक्षक किती हवेत हेही कळले, असे आपण धरून चालतो. सोलापुरात हा हिशेब पुरत नाही. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, कानडी व मराठी कुटुंबे, उर्दू बोलणारी वस्ती, या सर्वांचे हे गाव. म्हणून महापालिकेने मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा निरनिराळ्या माध्यमांच्या शाळा चालविल्या.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीस ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. शिवाय प्रत्येक वर्गास निदान एक, आणि त्यांत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांचा एकेक. समजा, १०५ मुले एकाच माध्यमात, वर्गास ३५ अशी आहेत. तर तिघा शिक्षकांत भागते. तीच मुले तीन माध्यमांच्या शाळांत वाटली, की नऊ लागतात. नुसती बेरीज पाहणाऱ्यास यांतले सहा जादा वाटतील. पण ते काढले, तर तेलुगू शाळेतील विडीकामगाराच्या मुलीस तिच्या भाषेत गणित शिकवावयाचे कोणी?

म्हणून पट माध्यमवार व वर्गवार मोजावा, असे आम्हांस वाटते. नाही तर ज्यांची संख्या थोडी, त्यांचेच शिक्षण आधी बुडते.