मोटारीचें निदान

ज्याचें सारें आयुष्य मुलांकडून शब्दरूपें घोकून घेण्यांत गेलें, त्यानें मोटारीच्या इंजिनाविषयीं लिहावें याचें कित्येक वाचकांस नवल वाटेल. मला स्वतःलाही तें वाटतें. परंतु गेल्या कार्तिक महिन्यांत आमच्या वाईच्या घरीं जो प्रकार घडला, तो केवळ यंत्राचा नव्हता. त्यापायीं बाप-लेकांत पंधरा दिवस अबोला झाला, पन्नास हजारांच्या घरांत रक्कम पाण्यांत गेली, आणि माझ्या हातून झालेली एक गोष्ट, जी मी क्षुल्लक समजून विसरलों होतों, ती अखेर मला चारचौघांत सांगावी लागली.

माझा पुतण्या पुण्यास नोकरीस असतो. दोन वर्षांपूर्वीं त्यानें पगारांतून शिल्लक टाकलेल्या पैशांतून एक जुनी, परंतु मोठी जोरकस मोटार घेतली. दोन लिटरचें इंजिन, चार सिलिंडर, टर्बो बसविलेला. आमचे थोरले बंधु, ज्यांस घरांत आम्ही सर्व दादा म्हणतों, यांस ती पहिल्या दिवसापासून पसंत नव्हती. "घोडा तो घोडा, आणि तोही दुसऱ्यानें दामटलेला," असा त्यांचा अभिप्राय. मुलानें मात्र ती निगुतीनें ठेविली. दिवाळीच्या आधीं घरीं आला तेव्हां वाड्याच्या चौकांत त्यानें स्वतःच्या हातानें तिचे चारही स्पार्क प्लग बदलले. मी जवळ पाटावर बसून त्यास एकेक हत्यार व एकेक प्लग हातांत देत होतों.

त्यानंतर तीन आठवड्यांनीं मंडळी कोंकणांत जाऊन परत येत होती. पोलादपुराकडून आंबेनळीचा घाट चढतांना पुढें एक मालट्रक होता. रस्ता मोकळा दिसला म्हणून पुतण्यानें ट्रकला मागें टाकण्यासाठीं पेडल दाबलें, आणि ऐन ट्रकच्या बरोबरीस येतांच गाडीनें गचके खाण्यास प्रारंभ केला. जोर एकाएकीं नाहींसा झाला, समोरच्या फळीवरील पिवळा दिवा लुकलुकूं लागला. मागच्या बाजूस वहिनी व दादांची तीन वर्षांची नात. समोरून येणाऱ्या बसच्या चालकानें वेळींच गति आवरली म्हणून पुतण्यास पुन्हां ट्रकच्या मागें येतां आलें. घरीं आल्यावर वहिनी कांहीं बोलल्या नाहींत; दादा मात्र बोलले. "ती गाडी विकल्याशिवाय या घरीं येऊं नकोस," इतकें तें वाक्य होतें.

आतां हा प्रकार म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. कारखान्यांतील लोक त्यास 'मिसिंग' म्हणतात. १८७६ सालीं निकोलस ऑटो या जर्मन गृहस्थानें जें चार टप्प्यांचें इंजिन सिद्ध केलें, त्याच तत्त्वावर आजचीं बहुतेक पेट्रोल इंजिनें चालतात. हवा व पेट्रोल आंत घेणें, तें दाबणें, ठिणगीनें पेटवून दट्ट्या खालीं ढकलणें, आणि धूर बाहेर टाकणें. चार सिलिंडरांच्या इंजिनांत बहुधा १, ३, ४, २ या क्रमानें ते पेटतात. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल तर चौघांत मिळून दर सेकंदास १०० ठिणग्या पडाव्या लागतात. यांपैकीं एकाची ठिणगी पडली नाहीं, किंवा पडूनही मिश्रण पेटलें नाहीं, कीं तेवढी मात्रा रिकामी जाते. तबल्याच्या ठेक्यांत एक बोल गळाला तर जाणत्या कानास जसें चटकन् कळतें, तसें बसणाऱ्यास तें गचक्यानें कळतें.

गाडींतील संगणकास तें कसें कळतें, ही युक्ति मला फारच आवडली. इंजिनाच्या मुख्य दांड्यावर एक दातेरी चक्र असतें. पुष्कळ गाड्यांत त्यावर ६० दात्यांची जागा असून खुणेसाठीं दोन दाते गाळलेले असतात. प्रत्येक दाता डोळ्यासमोरून जाण्यास किती वेळ लागला हें संगणक सतत मोजीत असतो. प्रत्येक स्फोटानें दांडा किंचित् वेग घेतो. ज्याच्या पाळीला तो वेग आला नाहीं, तो सिलिंडर मुका. वैद्य मनगटावर तीन बोटें ठेवून नाडी पाहतो, त्यांतलाच हा प्रकार. अमेरिकेंत १९९६ सालापासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीस असें आत्मपरीक्षण सक्तीचें झालें, आणि दोषांचे सांकेतिक अंक सर्वत्र सारखे ठरले. 'पी ०३००' म्हणजे अनेक सिलिंडरांत अनियमित मिसिंग. 'पी ०३०२' म्हणजे दुसऱ्या सिलिंडरांत. (रस्ता फार खडबडीत असला तर चाकांचे धक्के दांड्यापर्यंत पोंचून या नाडीपरीक्षेस चकवितात, म्हणून कित्येक गाड्यांत त्याचीही वेगळी तजवीज असते. आपल्याकडील रस्त्यांवर तिला विश्रांति मिळत नसेल!)

दिवा स्थिर असणें व लुकलुकणें यांत मोठा भेद आहे, हें मात्र मोटार बाळगणाऱ्या प्रत्येक घरीं ठाऊक असावें. लुकलुकणारा दिवा सांगतो कीं, न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींतून उत्प्रेरक-पात्रांत जात आहे. तेथें तें पेटतें, आणि आंतील मधाच्या पोळ्यासारखी जाळी अतिउष्णतेनें वितळूं शकते. तें पात्र अत्यंत महाग. अशा वेळीं पेडलवरचा पाय काढून गाडी सावकाश बाजूस घेणें हेंच श्रेयस्कर.

आमच्या घरांत मात्र त्या रात्रीं प्रत्येकानें आपापलें निदान केलें. माझें निदान पेट्रोलाचें होतें. घाटाच्या पायथ्याशीं नेहमींचा नसलेल्या एका पंपावर टांकी भरली होती, आणि लगेच गाडी अडखळली. तेव्हां पेट्रोलांत भेसळ, हें मीं छातीठोकपणें सांगितलें. कावळा फांदीवर बसण्यास आणि ताडाचें फळ पडण्यास एकच गांठ पडली, तर फळ कावळ्यानें पाडलें असें म्हणूं नये, हा काकतालीय न्याय मीं वर्गांत किती वर्षें शिकविला असेल! परंतु घरच्या गोष्टींत तो आठवला नाहीं.

पुतण्यानें गाडी पुण्यास एका मोठ्या कार्यशाळेंत दिली. तेथें संगणक लावतांच 'पी ०३०२' हा अंक निघाला. या जातीच्या इंजिनांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते. बॅटरीचे १२ व्होल्ट वाढवून ती कांहीं दहा हजार व्होल्टांचा झटका प्लगला देते. कॉइल बिघडणें ही नेहमींची तक्रार, म्हणून चारही नव्या घातल्या. खात्री असावी म्हणून इंजेक्टरही धुतले. "प्लग?" असें विचारतां, "ते तुम्हींच आतां नवे घातलेत ना, मग ते चांगलेच," असें उत्तर मिळालें. सपाट रस्त्यावर फेरी मारून पाहिली, दिवा लागला नाहीं, बिल हातांत दिलें. येतांना खंबाटकीच्या चढावर गाडी पुन्हां मुकी झाली. दुसऱ्या दिवशीं दादांनीं बिलाचा आंकडा वाचला, आणि अबोला सुरू झाला तो तेव्हां.

संगणक रोग कोणत्या अवयवांत आहे तें सांगतो. कशानें आहे तें सांगत नाहीं. हा भेद त्या कार्यशाळेंत कोणी पाहिला नाहीं. माधवकरानें आपल्या ग्रंथाच्या प्रारंभींच रोग ओळखण्याचीं पांच साधनें दिलीं आहेत: निदान म्हणजे कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. त्यांतील उपशय म्हणजे औषध, आहार वा विहार देऊन त्याचा रोगावर काय परिणाम होतो तें पाहणें. जो मिस्त्री पुढें आम्हांस भेटला, त्यानें हा ग्रंथ पाहिला असण्याचा संभव नाहीं, परंतु त्याची रीत नेमकी तीच होती.

हा मिस्त्री आमच्याच तालुक्यांतला, वयानें तिशीच्या आंतबाहेर. त्यानें पाना हातांत घेण्यापूर्वीं अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. गाडी थंड असतांना अडखळते कीं तापल्यावर? उभी असतांना कीं चढावर? हळूहळू वाढलें कीं एकदम झालें? शेवटचें कोणतें काम कोणी केलें? तो बोलत असतांना मला कळलें तें असें. सकाळीं थंड इंजिन अडखळून मग सुधारत असेल, तर या थेट पेट्रोल उडविणाऱ्या इंजिनांत हवेच्या झडपांवर सांचलेल्या काजळीचा संशय घ्यावा, कारण पेट्रोल त्या झडपांवरून वाहून त्यांस धूत नाहीं. उभ्या गाडीस थरथर असून वेगांत ती जात असेल, तर कोठें तरी हवेची गळती पाहावी. आणि उभी गाडी शांत, सपाटीवर शांत, पण चढावर टर्बोनें दाब दिला कीं मुकी, तर प्रथम ठिणगीकडे पाहावें.

याचें कारण १८८९ सालीं पाशेन नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें दाखविलें आहे. दोन टोकांमधील वायूचा दाब वाढला, किंवा त्यांतील अंतर वाढलें, कीं ठिणगी पाडण्यास अधिक विजेचा दाब लागतो. (फार विरळ वायूंत हा नियम उलटतो, पण इंजिनाशीं त्याचा संबंध नाहीं.) टर्बोच्या इंजिनांत चढावर सिलिंडरांत दुप्पट हवा कोंबलेली असते. तेव्हां उभ्या गाडीस जी ठिणगी सहज पडते, तीच आतां अवघड होते. आणि विजेस जवळपास दुसरी एखादी सोपी पळवाट मिळाली, तर ती त्या वाटेनें निघून जाते. म्हणूनच अशा इंजिनांत प्लगच्या टोकांतील अंतर कमी, सुमारें ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवतात. आणि संगणकांत फेरफार करून आणखी जोर काढणाऱ्या हौशी तरुणांस तें याहूनही कमी करावें लागतें.

मग त्यानें उपशयास आरंभ केला. दुसऱ्या सिलिंडरावरील कॉइल तिसऱ्यावर व तिसऱ्यावरील दुसऱ्यावर, एवढाच एक बदल केला आणि आम्ही पसरणीचा घाट चढलों. पुतण्या चालवीत होता, मिस्त्री शेजारीं संगणकाची पाटी घेऊन, मी मागें. तिसऱ्या गिअरमध्यें पेडल दाबतांच पाटीवर दुसऱ्या सिलिंडरापुढील आंकडा वाढूं लागला. "सोडा!" मिस्त्रीनें लगेच सांगितलें, उत्प्रेरक-पात्रास इजा नको म्हणून. दोष कॉइलबरोबर हलला नाहीं, म्हणजे कॉइल निर्दोष. खालीं येऊन इंजिन निवेपर्यंत चहा झाला. मग दुसऱ्या व तिसऱ्याचे प्लग अदलाबदल केले, बाकी सर्व जसेंच्या तसें. पुन्हां घाट. या वेळीं दुसरा स्वस्थ, आणि तिसऱ्यापुढें आंकडा चढूं लागला. जेथें तो प्लग तेथें दोष. जेथें तो नाहीं तेथें दोष नाहीं. अन्वय आणि व्यतिरेक यांचें इतकें स्वच्छ उदाहरण मला तीस वर्षांत फळ्यावर मांडतां आलें नव्हतें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, ही त्यांतली किल्ली. कार्यशाळेंत चार कॉइल व चार इंजेक्टर एकदम हाताळल्यामुळें कशाचा काय परिणाम, हें कळण्याचा मार्गच उरला नव्हता.

प्लग बाहेर काढून मिस्त्रीनें भिंगाखालीं धरला. मधल्या तारेभोवतीं जें पांढरें चिनी मातीसारखें आवरण असतें, त्याच्या टोंकाशीं केसाएवढी काळी रेघ होती. तडा. प्रथम तो इतका बारीक असावा कीं काम चाललें. पुढें त्यांत काजळी शिरली, आणि चढावर विजेनें ती पळवाट धरली. मिस्त्रीनें सहज विचारलें, "हा प्लग कुणाच्या हातून पडला होता काय?"

पुतण्या म्हणाला, "छे, मीं जपून घातले."

तो खरें बोलत होता. प्लग माझ्या हातून पडला होता. चौकांत त्यास देण्याच्या आधीं तो डब्यांतून निसटून फरशीवर आपटला, पुतण्या त्या वेळीं इंजिनांत वांकलेला होता. लोखंडाची वस्तु, तिला काय होणार, असें म्हणून मीं तो उपरण्यानें पुसला आणि त्याच्या हातांत दिला. मिस्त्रीचा प्रश्न ऐकेपर्यंत मला त्याची आठवणही नव्हती, असें लिहिलें तर तें पूर्ण सत्य होणार नाहीं. पुण्याचें बिल आलें त्या रात्रीं एकदां ती आठवण येऊन गेली होती, आणि मीं ती परतविली होती.

मीं तेथेंच सांगितलें. पुतण्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "काका, तेव्हांच बोलला असतां तर दुसरा घातला असता. साताऱ्यास मिळतो." मिस्त्रीनें सांगितलें कीं पडलेला प्लग, बाहेरून कितीही धड दिसला तरी, वापरूं नये, कारण एक तर तडा जातो, नाहीं तर टोकांतील अंतर दबून कमी होतें. हें आपण वाचकांनींही ध्यानांत ठेवावें.

दादांस सांगणें अधिक अवघड होतें. रात्रीं जेवणें झाल्यावर मीं माझ्या निवृत्तिवेतनाच्या खात्याचा धनादेश त्यांच्यापुढें ठेवला व सर्व हकीकत सांगितली. त्यांनीं ती शांतपणें ऐकली. "कॉइली तर नव्या झाल्या," एवढेंच बोलून त्यांनीं धनादेश माझ्याकडे सरकविला, आणि आंत जाऊन मुलास हांक मारली. काय बोलणें झालें तें मला ठाऊक नाहीं. दुसऱ्या दिवशीं चार नवे प्लग आले. मिस्त्रीनें प्रत्येकाचें अंतर पात्यानें मोजून, टॉर्क रेंचनें बेतानें आवळून बसविले. पसरणीच्या घाटांत पुढच्या बाजूस पाटी घेऊन दादा स्वतः बसले होते. पांचगणीपर्यंत चारही सिलिंडरांपुढें शून्यच राहिलें, आणि वरच्या शेवटच्या वळणावर, "आणखी थोडें दाब," असें ते मुलास म्हणाल्याचें मीं मागून ऐकलें.

उत्प्रेरक-पात्र एक महिन्यानें पुन्हां तपासावें असें मिस्त्रीनें बजाविलें होतें. मागच्या आठवड्यांत तें तपासून झालें. जाळी शाबूत आहे.