फायबरच्या होडीतलं सुटलेलं लाकूड

कोपरजवळून उल्हास नदीची खाडी जाते. तिथून वसईपर्यंत आणि पुढे कोकण किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या जोडीला आता फायबरच्या होड्याही दिसतात. फायबरच्या होडीत लाकूड नसतंच, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नव्हे. काचेचे धागे आणि राळ यांचं कवच पातळ असतं. त्याला ताठपणा यावा म्हणून अनेक होड्यांत तळाशी वासे आणि इंजिन टांगायला मागे जाड फळी बसवितात, व त्यांवर कवचाचाच थर चढवितात. हे लाकूड सुटलं तर तळ लवतो, आणि इंजिन भर खाडीत फळीसकट उखडण्याची भीती असते.

लाकूड सुटतं ते बहुधा पाण्यामुळे. स्क्रूच्या भोकातून किंवा चिरेतून पाणी आत शिरतं. लाकूड फुगतं, उन्हात आक्रसतं, आणि कवचापासून हळूहळू अलग होतं. खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी अधिक घातक. त्यात बुरशी वाढून लाकूड कुजतं.

म्हणून आधी परीक्षा करावी. लाकडी हातोडीनं ठोकत जावं. धड भाग खणखणतो, सुटलेला भाग बद्द वाजतो. तिथे आतल्या बाजूनं लहान भोक पाडून निघणारा भुसा पाहावा. तो फिकट व कोरडा असला तर लाकूड वाचेल. काळा, ओला, कुबट असला तर ते कापून काढावंच लागेल. कुजक्या लाकडावर इपॉक्सी ओतणं म्हणजे पडक्या भिंतीला गिलावा करणं होय.

लाकूड धड असेल तर चार-चार बोटांवर भोकं पाडावीत. बाहेरचं कवच मात्र भेदू नये. होडी आच्छादनाखाली पूर्ण सुकू द्यावी. मग आधी पातळ इपॉक्सी मुरवावी, आणि नंतर बारीक भुशानं दाट केलेली पिचकारीनं भरावी. वरून बेताचं वजन ठेवावं. फार दाबलं तर सारी इपॉक्सी बाहेर येते. नवं लाकूड घालायचं असेल तर त्याच्या कापल्या टोकांना पातळ इपॉक्सी पाजावी, दाट इपॉक्सीत ते बसवावं, कोपरे गोलसर भरावेत, आणि वर काचकापडाचे थर द्यावेत.

राळ व हार्डनर यांचं प्रमाण डब्यावर लिहिलेलंच घ्यावं. पॉलिएस्टर राळेत द्रव्य कमी-जास्त घालून वेळ साधता येतो. इपॉक्सीत तसं चालत नाही. इथे राळेच्या प्रत्येक कणाला हार्डनरचा जोडीदार लागतो. जास्त झालेला हार्डनर बिनजोडीचा राहतो आणि सांधा मऊ पडतो. उन्हाळ्यात मिश्रण भराभर तापतं, म्हणून थोडं-थोडं, पसरट भांड्यात कालवावं. हातमोजे घालावेत, आणि घासताना नाकातोंडावर धूळ रोखणारा मास्क असावा.

शेवटी स्क्रू. भोक मोठं करून इपॉक्सीनं भरावं, आणि ती कडक झाल्यावर तिच्यातच नवं भोक पाडावं. म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचतच नाही.

शिक्षकांना हे वर्गात दाखविता येईल. दोन कोरडे आणि दोन भिजलेले लाकडी तुकडे इपॉक्सीनं चिकटवा, नि दुसऱ्या दिवशी मोडून पाहा. कोरड्या जोडीत बहुधा लाकूडच तुटेल. ओल्या जोडीत सांधा सुटेल. दुरुस्तीची अर्धी विद्या एवढ्यातच आहे: आधी पाण्याची वाट बंद करा, लाकूड सुकवा, आणि मगच डबा उघडा.