शंभर आवृत्त्यांचं हँडबुक

हौशी रेडिओवाल्यांना अमेरिकेच्या १९१२च्या कायद्याने २०० मीटर आणि त्याखालच्या तरंगलांबी देऊन टाकल्या, कारण लांबच्या संदेशांसाठी त्यांचा काही उपयोग नाही अशी तेव्हाच्या जाणकारांची खात्री होती. १९२३च्या नोव्हेंबरात अमेरिकी हौशी फ्रेड श्नेल यांनी फ्रान्समधल्या नीसच्या लेआँ देलॉय यांच्याशी सुमारे ११० मीटरवर अटलांटिकपार दुतर्फा संपर्क साधला आणि ती खात्री खोटी ठरली. मग जो तो लघुलहरींच्या मागे लागला, पण हे तंत्र शिकायचं कुठून? १९२६ साली ‘द रेडिओ अ‍ॅमॅच्युअर्स हँडबुक’ आलं ते या गरजेतून. ते काढलं अमेरिकन रेडिओ रिले लीग या हौशी मंडळींच्या संघटनेने, आणि लिहिलं तिथल्या एफ. ई. हँडी यांनी. हँडी संदेशवहन विभाग सांभाळत, त्यामुळे केंद्र कसं चालवावं, निरोप पुढे कसे पोचवावेत यालाही त्यात मोठं स्थान होतं. इलेक्ट्रॉनिक्सचं पाठ्यपुस्तक म्हणून त्याची ओळख झाली ती पुढच्या आवृत्त्यांतून.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या हौशी केंद्रांचं प्रक्षेपण बंद झालं, पण पुस्तक थांबलं नाही. सैन्याला रेडिओ जाणणारी माणसं हवी होती, म्हणून प्रशिक्षणवर्गांसाठी त्याची खास आवृत्ती निघाली. युद्धानंतर सिंगल साइडबँड आलं, ट्रान्झिस्टर आले, आयसी आल्या आणि पुस्तक जाडजूड होत गेलं. जुनी प्रकरणं गळायची, नवी शिरायची. मला मात्र या सगळ्यात न बदललेली गोष्ट महत्त्वाची वाटते. हे पुस्तक आकडा देतं आणि तो कुठून आला तेही सांगतं.

मुंबईत फोर्टच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला याची एक मागची आवृत्ती मिळाली, तेव्हा या गुणाचं मोल कळलं. त्यातल्या सर्किटांसाठी लागणारे अमेरिकी टोरॉइड गाभे लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कुणी ऐकलेही नव्हते. नुसती कृती असती तर पुस्तक तिथेच मिटावं लागलं असतं. पण आत एकपदरी कॉइलचं सूत्र होतं, हॅरल्ड व्हीलर यांनी १९२८ साली मांडलेलं. व्यास आणि लांबी इंचांत घ्यायची. व्यासाच्या वर्गाला वेढ्यांच्या वर्गाने गुणायचं आणि त्याला व्यासाची १८ पट अधिक लांबीची ४० पट एवढ्याने भागायचं, की इंडक्टन्स मायक्रोहेन्रीत मिळतो. एक इंच व्यासाच्या नळीवर एक इंचभर लांबीत १७ वेढे घेतले तर २८९ भागिले ५८, म्हणजे जवळजवळ ५ मायक्रोहेन्री. त्याला १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर समांतर जोडला की रेझोनन्स ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास येतो. हा थेट ४० मीटरचा बँड! प्लास्टिकची नळी आणि इनॅमल तार कुठल्याही गावात मिळते.

त्याच पानांनी आणखी एक धडा दिला, आणि माझ्या मते रेडिओ फ्रीक्वेन्सीची खरी सुरुवात तिथे होते. इथे तार म्हणजे नुसती तार नसते. अडीच सेंटिमीटरच्या सरळ तारेत साधारण २० नॅनोहेन्री इंडक्टन्स असतो. ७ मेगाहर्ट्झला तिचा विरोध एक ओहमपेक्षाही कमी, म्हणून ती खपून जाते. १४४ मेगाहर्ट्झला तोच १८ ओहमवर जातो. कपॅसिटरचे पाय आखूड का ठेवायचे, अर्थिंगची जोडणी रुंद का हवी, हे नियम म्हणून पाठ करावं लागत नाही. हिशेब केला की आपोआप पटतं.

पुस्तकाने स्वतःचा आकडाही सुधारला. अर्ध्या तरंगाच्या डायपोलची लांबी फुटांत काढायला ४६८ला मेगाहर्ट्झने भागा, हे पिढ्यान्‌पिढ्या घोकलं गेलं. पण तारेची जाडी, जमिनीपासूनची उंची, आजूबाजूच्या इमारती यांनी लांबी बदलते. म्हणून अलीकडच्या आवृत्त्या तार जरा लांबच कापायला सांगतात, मग मोजत मोजत छाटायला. एवढ्या मुरलेल्या आकड्याला हात लावायला धाडस लागतं, आणि म्हणूनच मला हे पुस्तक भरवशाचं वाटतं.

लीगच्याच प्रकाशनांत पुढे वेस हेवर्ड, रिक कॅम्पबेल आणि बॉब लार्किन यांचं ‘एक्सपेरिमेंटल मेथड्स इन आरएफ डिझाइन’ आलं, २००३ साली. थोडं बांधायचं, लगेच मोजायचं, मगच पुढे जायचं, ही त्याची शिस्त. घरी ऑसिलोस्कोप नसलेल्यानेही ते घ्यावं, कारण साधी मोजमापाची साधनं स्वतः कशी बनवायची हेही त्यात आहे.

भारतात ही परंपरा हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या ‘बिटएक्स’ ट्रान्सीव्हरमध्ये दिसते. सहज मिळणारे ट्रान्झिस्टर आणि टीव्हीच्या बॅलनचे फेराइट गाभे यांवर सिंगल साइडबँडचा अख्खा संच उभा राहतो, हे त्यांनी दाखवलं. त्याची रचना सर्वांसाठी खुली ठेवली, आणि देशोदेशीच्या हौशी मंडळींनी हे संच बांधले.

मूळ हँडबुक आता सहा खंडांतही मिळतं, आणि २०२३ची आवृत्ती त्याची शंभरावी. सॉफ्टवेअर रेडिओ आणि डिजिटल सिग्नल प्रक्रिया यांनी त्यात बरीच जागा व्यापली आहे. नव्याने शिकणाऱ्याला मी तरीही आधी एसी सर्किटांचं प्रकरण उघडायला सांगतो, वही-पेन्सिल घेऊन.