बक्षिसाची मोटार आणि रात्रीची झोप

हल्ली दवाखान्यात सर्दी-तापाचे सांगून झाले की काही पेशंट खिशातून मोबाईल काढतात आणि विचारतात, ‘‘डॉक्टर, ही मोटारीची स्पर्धा भरू का? शंभर रुपयांत गाडी लागते म्हणतात.’’ हा प्रश्न आरोग्याच्या सदरात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु निद्रानाश, डोकेदुखी, आम्लपित्त, छातीत धडधड या तक्रारींचे मूळ शोधताना मी अनेकदा या बक्षिसापाशी जाऊन पोहोचलो आहे. म्हणून आज थोडे त्याविषयी.

स्पर्धांचे तीन प्रकार

पहिला प्रकार दुकानातल्या कूपनाचा. दसरा-दिवाळीला कपडे किंवा फ्रिज घेतला की सोबत कूपन मिळते. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. गरजेची खरेदी करताना मिळाले तर जरूर पेटीत टाकावे. फक्त कूपनासाठी खरेदी करू नये, एवढे पथ्य पुरे.

दुसरा प्रकार तिकीट विकत घेऊन सोडत काढण्याचा. हा मुख्यतः इंग्लंडातला. तिकडे १९९९ साली सुरू झालेली एक कंपनी विमानतळावर चकचकीत मोटार उभी करून तिकिटे विकत असे. पुढे हा धंदा इंटरनेटवर गेला आणि असे कित्येक जण निघाले. कुठे फुटबॉलच्या छायाचित्रातून चेंडू पुसून टाकतात आणि तो कुठे असेल ते ओळखायला सांगतात, तर कुठे सरळ सोडत काढतात. ब्रिटनच्या २००५ च्या कायद्यानुसार पैसे घेऊन निव्वळ नशिबावर सोडत काढणे ही लॉटरी ठरते. तसे ठरू नये म्हणून हे लोक साध्या टपालाने फुकट प्रवेशाची सोय ठेवतात. ज्यांची मुले तिकडे शिक्षण-नोकरीला आहेत त्यांनी हे जरूर कळवावे. हौस असेल तर नियम वाचून टपालाने प्रवेश पाठवावा, पगार त्यात घालू नये.

आपल्याकडे कायदा जास्त कडक आहे. शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा जुन्या वाचकांना आठवत असतील. १९५५ च्या कायद्याने अशा कोड्यांच्या बक्षिसांवर महिन्याला एकूण एक हजार रुपयांची मर्यादा घातली. ऑगस्ट २०२५ मध्ये तर संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा संमत केला. त्यात खेळ नशिबाचा की कौशल्याचा, हा भेदही ठेवलेला नाही. तेव्हा ‘पैसे भरा, कोडे सोडवा, गाडी न्या’ असे मोबाईलवर आले तर आधी संशय घ्यावा.

तिसरा प्रकार शुद्ध फसवणुकीचा. न भरलेल्या स्पर्धेत तुमचा नंबर लागतो! टपालाने खरवडायचे कार्ड येते, खरवडले की मोटार निघते. मग गोड आवाजात फोन येतो, ‘‘अभिनंदन सर, फक्त कर आणि नोंदणीचे पैसे आधी भरा.’’ माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक या मार्गाने तीन हप्त्यांत पैसे देऊन बसले. ते माझ्याकडे आले ते छातीत दुखते म्हणून. ईसीजी ठीक होता. दुखत होते ते मनाला. जन्मभर मुलांना गणित शिकवलेला माणूस, घरात सांगायची लाज वाटत होती.

जरा हिशेब मांडू

समजा मोटार दहा लाखांची आहे, तिकीट शंभर रुपयांचे आणि वीस हजार तिकिटे खपली. म्हणजे गोळा झाले वीस लाख. प्रत्येक शंभराच्या तिकिटामागे बक्षिसाचा वाटा पन्नास रुपयांचाच. आता कुणी दर आठवड्याला दहा तिकिटे घेतली, तर वर्षाला बावन्न हजार रुपये गेले. आणि वर्षभरात एकदा तरी गाडी लागण्याची शक्यता किती? शंभरात अडीचच्या आसपास. असे शंभर लोक वर्षभर खेळले, तर सत्त्याण्णवांच्या वर रिकाम्या हातांनी घरी जातील.

लागलीच गाडी, तरी बक्षिसावर आपल्याकडे ३० टक्के आयकर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे. दहा लाखांच्या गाडीवर तीन लाख बारा हजार रुपये. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर ती देण्यापूर्वी कर भरला गेल्याची खात्री देणाऱ्याने करायची असते. भामटे याच नियमाचा आधार घेतात. खरा कर तुमच्या पॅन क्रमांकावर सरकारी चलनाने जमा होतो, कुणा ‘मॅनेजर’च्या खात्यावर नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

लोक म्हणतात, गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली. पण या गाजराचे तसे नाही. वाजले नाही तर ते खाताही येत नाही.

मेंदूत काय घडते?

हिशेब इतका सोपा असताना शहाणी माणसे यात का अडकतात? बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की दर वेळी ठरलेला दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर कबुतर लवकर थांबते. पण दाणा कधी मिळेल याचा नेम नसेल, तर ते चोची मारतच राहते. माणसाचा मेंदूही याच जातीचा आहे. डोपामिन नावाचे रसायन बक्षीस मिळाल्यावर तर काम करतेच, पण बक्षिसाच्या आशेवरही करते. म्हणून तिकीट घेतल्यापासून निकाल लागेपर्यंतचा काळ सुखाचा वाटतो. त्या सुखाचेच पैसे आपण मोजत असतो.

दुसरी गंमत ‘थोडक्यात हुकल्या’ची. केंब्रिजच्या संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले की, थोडक्यात हुकल्यावर मेंदूचे तेच भाग जागे होतात, जे जिंकल्यावर होतात. वास्तविक ४५६२ ला गाडी लागली म्हणून ४५६१ वाला गाडीच्या जवळ पोहोचला असे मुळीच नाही. सोडतीला शेजारधर्म नसतो!

एक किराणा दुकानदार माझे जुने पेशंट. वय बेचाळीस. रक्तदाब १६० वर १००, गोळी चालू असूनही उतरेना. चौकशी केली तेव्हा म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, परवा एका आकड्यानं गाडी हुकली. आता सोडून चालणार नाही.’’ रात्री दोनला उठून निकाल पाहत. सोबत आलेल्या वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘गोळ्या तरी कुठं रोज घेतात? आणि पोरीच्या कॉलेजची फी भरायची राहिली ती वेगळीच.’’ गोळ्यांचे पैसेही तिकिटात जात होते. मी गोळी वाढवली नाही. आधी आहे तीच रोज घ्यायला सांगितले आणि दुकानाचे यूपीआय वहिनींच्या मोबाईलवर घेतले. चार महिन्यांत रक्तदाब ताब्यात आला. मध्ये एकदा पाय घसरला, तो त्यांनी आपणहून सांगितला. याला मी सुधारणा म्हणतो.

हा आजार आहे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत जुगाराचे व्यसन हा स्वतंत्र आजार आहे. स्वतःला दोन प्रश्न विचारा. पैशांची रक्कम वाढवत न्यावीशी वाटते का? आणि किती गेले याबद्दल घरच्यांशी खोटे बोलावे लागले का? एकाचेही उत्तर ‘हो’ आले तर डॉक्टरांशी बोला.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कंपवाताच्या म्हणजे पार्किन्सनच्या काही औषधांनी, विशेषतः प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल यांनी, काही रुग्णांत जुगाराची अनावर ओढ उत्पन्न होते. आयुष्यभर पत्त्याला न शिवलेले आजोबा अचानक तिकिटे घेऊ लागले, तर त्यांना रागावू नका. औषधाची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे या. मात्र औषध मनाने बंद करू नका.

काय करावे?

१. बक्षिसासाठी आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. ओटीपी सांगू नये.

२. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. हृदयविकाराच्या झटक्यात जसा पहिला तास मोलाचा, तसाच इथेही. पैसे पुढे सरकण्याआधी थोपवता येण्याची शक्यता असते.

३. हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळू नये. व्यसनाची पायरी तीच.

४. मन थाऱ्यावर नसेल, झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे. मराठीतही बोलता येते.

५. घरच्यांनी टोमणे मारू नयेत. लाज वाटली की माणूस लपवतो, आणि लपवले की आजार वाढतो.

तर मग स्पर्धा भरावी की नाही? फुकटची असेल आणि नियम छापलेले असतील तर भरा आणि विसरून जा. पैसे मागत असेल तर माझे उत्तर ‘नको’ असेच आहे. तेवढेच शंभर रुपये दर आठवड्याला टपाल कार्यालयाच्या बचत खात्यात टाकलेत, तर वर्षाला पाच हजार दोनशे जमतात. त्यात मोटार येणार नाही, पण मुलीच्या फीला हातभार लागेल. आणि रात्री दोनला उठून काही पाहावे लागणार नाही.