जुना जनरेटर घेताय? इंजिन थंड असतानाच बघायला जा

१ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॅटपर्यंतच्या नव्या जनरेटरला सीपीसीबी चार प्लसचे नियम लागू झाले. नवे सेट महागले आणि जुन्यांना भाव आला. हिंगणघाटचं जिनिंग असो की आर्वीचं मंगल कार्यालय, आता "सेकंडहँडच बघू" म्हणतात. बघा ना! पण टोकन देण्याआधी एवढं करा.

विकणाऱ्याला फोनवरच सांगा, मी येईपर्यंत सेट चालू करू नका. गेल्यावर पहिले इंजिनच्या ब्लॉकला हात लावा. गरम लागला तर स्टार्टिंगचा त्रास लपवला असू शकतो. सरळ दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिनचा थोडा पांढरा धूर चालतो. गरम झाल्यावरही निळा धूर निघत असेल तर ऑइल जळतंय, म्हणजे रिंगा-लायनरचा खर्च तुमच्या डोक्यावर. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. तिथूनच राम राम करा.

तास दाखवणाऱ्या मीटरवर मी फार विसंबत नाही. मीटर बदलता येतं, भाऊ.

खरी परीक्षा लोडवर. रिकामा सेट कोणाचाही गोड चालतो. २५ केव्हीए म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरने २० किलोवॅट. निदान १५ किलोवॅटचा लोड टाकून तासभर चालवा. फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या आसपास टिकते का, काळा धूर सतत येतो का, टेम्परेचरचा काटा चढतच राहतो का, ते बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. जानेवारीत चाललेला रेडिएटर तेव्हा दगा देऊ शकतो, तोही ऐन लग्नात. अल्टरनेटरचं वायंडिंग इलेक्ट्रिशियनकडून मेगरने तपासा. एक मेगाओमच्या खाली रीडिंग आलं तर सौदा थांबवा.

सेट घरी आला की ऑइल, फिल्टर, कूलंट बदलूनच टाका. जुन्या मालकाच्या "परवाच बदललं" वर जाऊ नका. जिनिंगवाल्यांनो, रेडिएटरच्या जाळीत कापसाची रुई बसते, ती सीझनमध्ये रोज झाडा. सेट महिनोन् महिने नुसता बंद ठेवू नका आणि तीस टक्क्यांखालच्या लोडवर तासन् तास चालवूही नका. न जळलेलं डिझेल सायलेन्सरमध्ये काळं चिकट होऊन बसतं.

आणि चेंजओव्हर स्विच. तो नसेल तर तुमच्या सेटचा करंट उलटा महावितरणच्या लाईनवर जातो. खांबावर चढलेला लाईनमन लाईन बंद आहे असं समजून काम करत असतो. सेटचं बजेट काढताना स्विच आणि अर्थिंगचे पैसे त्यातच धरा.